एकदाच, पण नीट: जुने कौटुंबिक फोटो आणि निगेटिव्ह घरच्या स्कॅनरवर उतरवताना

आमच्या अल्बममध्ये धाकट्या काकांच्या मुंजीचा एक फोटो आहे. माझ्या चुलत आजोबांनी १९६६ साली मिरजेच्या घराच्या पडवीत तो अग्फा क्लिक-थ्री कॅमेऱ्याने काढला आणि स्टुडिओतून उभ्या पोस्टकार्डाच्या आकारात मोठा करून आणला. त्यात मुंडावळ्या बांधलेले काका आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना आजी-आजोबा एवढीच मंडळी दिसतात. पुढे अनेक वर्षांनी त्याच फोटोची निगेटिव्ह एका खाकी लिफाफ्यात सापडली आणि मी ती स्कॅन केली, तेव्हा चौकटीच्या डाव्या काठाला, खांबाच्या आडोशाला, डोक्यावरून पदर घेतलेली माझी पणजी उभी असलेली दिसली. तिचा दुसरा एकही फोटो घरात नाही.

यात स्टुडिओची काही चूक नव्हती. क्लिक-थ्रीमध्ये १२० क्रमांकाच्या रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरच्या बारा चौरस चौकटी येत, आणि चौरस चौकट उभ्या कागदावर मोठी करायची म्हणजे दोन्ही बाजूंची पट्टी सोडून द्यावीच लागे. बडोद्यात तयार होणारा हा साधा कॅमेरा साठ-सत्तरच्या दशकांत कितीतरी मध्यमवर्गीय घरांत होता, त्यामुळे अल्बममध्ये न उतरलेली माणसे कितीतरी घरांच्या लिफाफ्यांत आजही असणार. म्हणून घरचे फोटो संगणकावर घ्यायला बसणाऱ्याने सर्वांत आधी हे मनाशी पक्के करावे की निगेटिव्ह ही मूळ प्रत आहे आणि अल्बममधला फोटो ही तिची एक आवृत्ती आहे. निगेटिव्ह हाती असेल तर ती आधी स्कॅन करावी. ती नसेल तेव्हा फोटोलाच मूळ मानावे, आणि फोटो हाताने रंगवलेला असेल किंवा त्याच्या मागे काही लिहिलेले असेल तर निगेटिव्ह असली तरीही फोटो वेगळा स्कॅन करावा.

दुसरी गोष्ट अशी की हे काम एकदाच करावे, आणि असे करावे की त्या मूळ वस्तूला पुन्हा काचेवर ठेवण्याची वेळ येऊ नये. मी पहिल्यांदा हे काम केले तेव्हा शे-सव्वाशे फोटो २०० डीपीआयला, म्हणजे इंचाला २०० ठिपके मोजून, स्कॅनरच्या सगळ्या आपोआप होणाऱ्या सुधारणा चालू ठेवून भराभर उतरवले. मोबाइलच्या पडद्यावर ते छान दिसले. आत्याच्या पंचाहत्तरीला त्यांतला एक मोठा करून छापायला गेलो तेव्हा मात्र चेहरे मेणाचे असल्यासारखे दिसू लागले आणि पांढऱ्या धोतराच्या चुण्या पार नाहीशा झालेल्या होत्या. सगळे पुन्हा करावे लागले, आणि दुसऱ्यांदा अल्बम उघडताना दोन काळ्या पानांचे कोपरे तुटले ते कायमचेच. पुढे जे सांगतो आहे ते त्या दुसऱ्या खेपेचे शहाणपण आहे.

कशाला आधी हात घालायचा

बहुतेक लोक सर्वांत जुन्या अल्बमपासून सुरुवात करतात. वास्तविक सर्वांत जुने तेच सर्वांत नाजूक असते असे नाही. चांगला धुतलेला कृष्णधवल फोटो चांदीच्या कणांचा बनलेला असतो आणि साठ-सत्तर वर्षे सहज टिकतो, तर १९७० आणि ८० च्या दशकांतले रंगीत फोटो रंगद्रव्यांचे असतात आणि ती द्रव्ये बंद अल्बममध्येसुद्धा विरत जातात. निळसर हिरवा रंग आधी गेला की सगळा फोटो लालसर दिसू लागतो. तुमच्या घरातले लाल पडलेले रंगीत फोटो आणि त्यांच्या निगेटिव्ह या कारणाने रांगेत पुढे आल्या पाहिजेत.

त्याहूनही तातडीची म्हणजे आंबट वास येणारी फिल्म. विसाव्या शतकाच्या मध्यापासून निगेटिव्हचा पाया बहुधा सेल्युलोज ॲसिटेटचा असे. दमट आणि उष्ण हवेत हा पाया हळूहळू विघटित होतो आणि त्यातून व्हिनेगरमधलेच आम्ल बाहेर पडते. डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला तर ती फिल्म आधी आक्रसणार, मग तिला लाटा येणार आणि शेवटी चित्राचा थर पायापासून सुटणार. या आम्लाची वाफ शेजारच्या चांगल्या फिल्मलाही बाधते, म्हणून अशा पट्ट्या त्याच दिवशी वेगळ्या काढाव्यात, हवेशीर कागदी पाकिटात ठेवाव्यात आणि सर्वांआधी स्कॅन कराव्यात. कोकणात आणि गोव्यात, जिथे वर्षातले चार-पाच महिने हवा ओलीच असते, तिथे ही तपासणी पुढे ढकलू नये.

१९५० च्या आधीच्या फिल्मबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. त्या काळातली काही फिल्म नायट्रेटच्या पायाची असे आणि ती अत्यंत ज्वालाग्राही असते. फिल्मच्या काठावर इंग्रजीत ‘सेफ्टी’ हा शब्द छापलेला दिसला तर चिंता नाही. तो नसेल आणि फिल्म पिवळी, चिकट किंवा भुसभुशीत झाली असेल, तर ती उष्णतेपासून आणि घरातल्या इतर वस्तूंपासून दूर ठेवून जाणकाराला दाखवावी.

चिकट पानांचे, वर पारदर्शक कागद असलेले अल्बम ऐंशीच्या दशकात घरोघरी आले, आणि फोटोंसाठी त्यांच्याइतके वाईट घर दुसरे नाही. त्यातला डिंक फोटोच्या पाठीत मुरत जातो. फोटो सहज निघत नसेल तर नखाने उचकटू नये. मेण नसलेला दातांचा दोरा फोटोच्या कोपऱ्याखाली सरकवून करवतीसारखा हलक्या हाताने पुढेमागे न्यावा, बहुतेक फोटो तेवढ्याने सुटतात. जे सुटत नाहीत ते पानासकट स्कॅन करावेत. फ्रेमच्या काचेला चिकटून बसलेला फोटो तर कधीच सोडवू नये, कारण चित्राचा थर काचेवरच राहतो. तो काचेसकटच स्कॅनरवर ठेवावा.

आणि या रांगेत एक नाव असे आहे की ज्याचा कोणी विचार करत नाही. ज्या फोटोंतली माणसे ओळखणारे घरात एकच जण उरले आहे, ते फोटो कितीही सुस्थितीत असले तरी पहिल्या आठवड्यातच उतरवले पाहिजेत. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

जागा, हवा आणि हात

पावसाळ्यात हे काम काढू नये. निगेटिव्हवरचा चित्राचा थर जिलेटिनचा असतो. ओल्या हवेत तो फुगतो, मऊ पडतो आणि काचेला किंवा शेजारच्या पट्टीला चिकटतो. दिवाळीनंतरचे तीन-चार महिने आपल्याकडे उत्तम. मात्र कोरड्या हवेत फिल्मवर स्थिर वीज साठते आणि ती धूळ ओढून घेते, म्हणून पंखा बंद ठेवावा, फरशी आदल्या दिवशी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी आणि लोकरीचे कपडे घालून बसू नये.

धूळ काढण्यासाठी हाताने दाबायचा रबरी ब्लोअर आणि अतिशय मऊ केसांचा ब्रश एवढेच लागते. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचे सूक्ष्म थेंब फिल्मवर डाग पाडतात. स्कॅनरची काच मायक्रोफायबरच्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घेऊन पुसावी. द्रव थेट काचेवर ओतला तर तो कडेने आत उतरतो. निगेटिव्ह काठांनाच धरावी. सुती पांढरे हातमोजे चालतात, पण त्यांनी बोटांना स्पर्श कळत नाही आणि पट्टी निसटते, म्हणून मी स्वतः धुतलेल्या, पूर्ण कोरड्या हातांनी काम करणे पसंत करतो. बुरशी धरलेल्या फोटोला किंवा फिल्मला पाणी अजिबात लावू नये, कारण बुरशीने खाल्लेले जिलेटिन पाण्यात विरघळते आणि डागाबरोबर चेहराही पुसला जातो. आधी आहे तसा स्कॅन घ्यावा, डाग संगणकावर काढता येतात.

स्कॅनर कोणता

फक्त फोटो असतील तर कागदपत्रांसाठी मिळतो तो साधा सपाट स्कॅनरही काम देतो, परंतु घेताना एक भेद पाहावा. पातळ, हलक्या, यूएसबीच्याच विजेवर चालणाऱ्या स्कॅनरमध्ये बहुधा सीआयएस जातीचा संवेदक असतो आणि त्याला काचेला अगदी टेकलेलीच वस्तू स्पष्ट दिसते. बाक आलेला फोटो, जाड पुठ्ठ्यावर डकवलेला स्टुडिओतला फोटो किंवा अल्बमचे पान काचेपासून दोन-तीन मिलिमीटर वर राहिले की तो भाग धूसर येतो. सीसीडी जातीचे स्कॅनर जाडजूड आणि महाग असतात, पण त्यांची दृष्टी थोडी वरपर्यंत पोहोचते, आणि आपल्या जुन्या अल्बमांसाठी तेच योग्य आहेत.

निगेटिव्हसाठी मात्र झाकणात स्वतंत्र दिवा असलेला स्कॅनर हवाच, कारण फिल्ममधून प्रकाश आरपार जावा लागतो. एप्सन परफेक्शन व्ही६०० हा अशा घरगुती स्कॅनरमधला परिचित नमुना आहे. त्यावर ३५ मिलिमीटरच्या पट्ट्या आणि १२० ची मोठी फिल्म या दोन्ही बसतात. प्लस्टेकच्या ऑप्टिकफिल्म मालिकेतले छोटे स्कॅनर ३५ मिलिमीटरचे काम सपाट स्कॅनरपेक्षा बारकाईने करतात, पण त्यांतल्या नेहमीच्या घरगुती नमुन्यांत क्लिक-थ्रीची चौरस निगेटिव्ह जातच नाही. आपल्याकडे कोणत्या मापाची फिल्म जास्त आहे हे लिफाफे उघडून मोजल्याशिवाय खरेदी करू नये. चार घरांनी मिळून एक स्कॅनर घेतला आणि तो वर्षभर फिरवला तरी चालते. हे काम रोजचे नाही.

किती डीपीआय

खोक्यावर छापलेल्या ६४०० डीपीआयच्या आकड्याला भुलू नये. सपाट घरगुती स्कॅनर तेवढे ठिपके मोजतो खरा, पण त्याच्या भिंगातून प्रत्यक्षात दीड ते सव्वादोन हजार डीपीआयइतकाच तपशील उतरतो, आणि त्यापुढे फक्त फाइल फुगते. मी सगळ्या निगेटिव्हसाठी २४०० डीपीआय ठरवून टाकले आहे. ३५ मिलिमीटरची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची असते. तिच्यातून या हिशेबाने सुमारे ३४०० बाय २२७० ठिपक्यांचे चित्र मिळते, म्हणजे पाऊण कोटीहून थोडे अधिक ठिपके, आणि ते आठ बाय बारा इंचांच्या प्रिंटला पुरते. १२० च्या चौरस चौकटीची प्रत्यक्ष बाजू साधारण ५६ मिलिमीटर असते, म्हणून तिच्यातून ५३०० बाय ५३०० ठिपके, म्हणजे पावणेतीन कोटींहून अधिक ठिपके मिळतात. आजोबांच्या काळातला एका भिंगाचा साधा कॅमेरा इतका तपशील देतो तो फिल्मच्या आकारामुळे.

फोटोंसाठी ६०० डीपीआय घ्यावे. चार बाय सहा इंचांचा फोटो त्यात २४०० बाय ३६०० ठिपक्यांचा होतो आणि कागदात असलेले जवळजवळ सगळे उचलले जाते. पासपोर्ट आकाराचे फोटो आणि निगेटिव्हच्याच मापाचे छोटे जुने फोटो १२०० ला घ्यावेत. हे छोटे फोटो निगेटिव्ह कागदावर ठेवून थेट छापलेले असतात, त्यामुळे बोटभर आकारातही त्यांत आश्चर्य वाटावे इतका बारीक तपशील असतो.

फाइल टिफ प्रकारात साठवावी. जेपेग फाइल प्रत्येक वेळी बदलून साठवताना थोडी झिजते, टिफ झिजत नाही. निगेटिव्हसाठी प्रत्येक रंगाला १६ बिट निवडावेत. आठ बिटमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या मिळतात, १६ बिटमध्ये ६५,५३६, आणि फिकट निगेटिव्ह नंतर उजळवताना या पायऱ्या उपयोगी पडतात. कागदावरच्या फोटोला आठ बिट बहुधा पुरतात, परंतु फार विरलेल्या रंगीत फोटोला तिथेही १६ द्यावेत.

फोटो स्कॅन करताना

स्कॅनरच्या प्रणालीत, म्हणजे त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, ‘ऑटो’ हा मार्ग सोडून व्यावसायिक किंवा प्रगत मार्ग निवडावा आणि शार्पनिंग, धूळ काढणे, रंग पूर्ववत करणे या सगळ्या खुणा काढून टाकाव्यात. हे संस्कार मूळ प्रतीवर नकोत, नंतर काढलेल्या नकलेवर हवे तेवढे करता येतात. हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, उघडून दोन्ही टोके आलेखाच्या उंचवट्याच्या किंचित बाहेर ठेवावीत. टोक आत सरकले की आजोबांच्या पांढऱ्या सदऱ्याची घडी किंवा काळ्या टोपीचा काठ कायमचा सपाट होतो.

कृष्णधवल फोटोही रंगीत मार्गानेच स्कॅन करावेत. जुना फोटो बहुधा तपकिरी किंवा पिवळट असतो, त्यावर शाईचे शेरे आणि स्टुडिओचे शिक्के असतात, आणि डाग कोणत्या रंगाचा आहे हे कळले तर तो काढणेही सोपे जाते. फोटोभोवती काचेचा थोडा रिकामा काठ येऊ द्यावा, म्हणजे कातरलेल्या कडाही नोंदल्या जातात. फोटोची पाठ निदान ३०० डीपीआयला स्कॅन करावी, ती कोरी दिसत असली तरी शिसपेन्सिलीची खूण तिरप्या उजेडात पाहून मगच पुढे जावे.

सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या, रेशमी पोताच्या कागदावर छापलेल्या फोटोंचा त्रास ठाऊक असलेला बरा. त्यांच्या बारीक खळग्यांवर स्कॅनरचा दिवा चमकतो आणि चेहऱ्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी उमटते. असा फोटो एकदा सरळ आणि एकदा उलटा फिरवून स्कॅन करावा, आणि जिंपसारख्या मोफत प्रणालीत दोन्ही चित्रे एकमेकांवर बरोबर बसवून वरचे निम्मे पारदर्शक करावे. चमक दोन वेळा वेगवेगळ्या बाजूंना पडलेली असल्यामुळे जाळी बरीच विरते.

निगेटिव्ह स्कॅन करताना

फिल्मची एक बाजू चकचकीत आणि दुसरी मंद असते. मंद बाजूला चित्राचा थर असतो, तिला बोट लागू देऊ नये. चकचकीत बाजूने पाहिल्यावर काठावरची अक्षरे सरळ वाचता येतात, आणि बहुतेक सपाट स्कॅनरमध्ये हीच बाजू खाली, काचेकडे ठेवायची असते. हे चुकले तर चित्र आरशातल्यासारखे उलटे येते. साड्यांचे पदर आणि दुकानांच्या पाट्या पाहून चूक लगेच पकडता येते.

पट्टी नेहमी होल्डरमध्येच, म्हणजे फिल्म धरून ठेवणाऱ्या चौकटीतच, बसवावी. थेट काचेवर ठेवली तर फिल्म आणि काच यांच्यामध्ये हवेचा अतिपातळ थर राहतो आणि चित्रावर इंद्रधनुषी वर्तुळे उमटतात, त्यांना न्यूटनची वलये म्हणतात. शिवाय झाकणात दिवा असलेल्या स्कॅनरची नजर होल्डरच्या उंचीला बांधलेली असते. वर्षानुवर्षे गुंडाळून ठेवलेली फिल्म होल्डरमध्ये सपाट बसत नाही. तिला स्वच्छ, गुळगुळीत, रंगहीन कागदाच्या दोन पानांमध्ये ठेवून जाड पुस्तकांखाली आठवडाभर दाबावे. उलट्या दिशेने गुंडाळून किंवा इस्त्री फिरवून ती सरळ करण्याचा मोह टाळावा, जुनी फिल्म तडकते.

कृष्णधवल निगेटिव्हसाठी फिल्मचा प्रकार कृष्णधवल निवडून १६ बिट करड्या छटांत स्कॅन करावे. स्कॅनरमध्ये इन्फ्रारेड किरणांनी धूळ ओळखून पुसण्याची सोय असते, ती डिजिटल आइस या नावाने अनेक ठिकाणी दिसते, आणि रंगीत निगेटिव्हवर ती उत्तम काम करते. रंगद्रव्यांतून इन्फ्रारेड आरपार जातो आणि धूळ तेवढी अडवते. कृष्णधवल फिल्ममध्ये मात्र चित्रच चांदीचे असते आणि चांदीही तो किरण अडवते, त्यामुळे प्रणाली चित्रालाच धूळ समजून चेहरे खरवडते. कृष्णधवल फिल्मसाठी ही सोय न चुकता बंद ठेवावी. कोडाक्रोम या जुन्या रंगीत फिल्मच्या स्लाइडवरही तिचा भरवसा धरू नये.

रंगीत निगेटिव्हचा नारिंगी रंग हा दोष नाही. रंगद्रव्यांतली उणीव भरून काढण्यासाठी तो कारखान्यातच घातलेला असतो, आणि स्कॅनरची प्रणाली तो वजा करून रंग उलटवते. हा हिशेब चौकटीच्या आतल्याच भागावर झाला पाहिजे, म्हणून निवडीची चौकट आधी चित्राच्या किंचित आत ओढून उजेडाची पातळी ठरवावी, ती कायम करावी आणि मग निवड काठापर्यंत वाढवावी. स्कॅनरबरोबर आलेल्या प्रणालीने रंग नीट येत नसतील तर व्ह्यूस्कॅन ही सशुल्क प्रणाली पाहावी. जुने स्कॅनर नव्या संगणकाशी बोलेनासे झाले की त्यांनाही ती बहुधा चालवते.

काठ कापू नये, असे मी आग्रहाने सांगेन. तिथे चौकटीचे क्रमांक असतात आणि फिल्मचे नाव असते, आणि त्यावरून काळ ठरतो. पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनच्या कारखान्याने ‘ओर्वो’ हे नाव १९६४ मध्ये घेतले, तेव्हा ओर्वो असे छापलेली फिल्म त्याआधीची असू शकत नाही. आपल्या ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या कारखान्यात उत्पादन १९६७ मध्ये सुरू झाले, म्हणून ‘इंदू’ फिल्मचा रोल त्यानंतरचा. सी-४१ ही रंगीत फिल्म धुण्याची पद्धत १९७२ मध्ये आली, म्हणून त्या पद्धतीची फिल्म त्याआधीची नसते. आत्याच्या बारशाचा म्हणून सांगितला जाणारा फोटो ओर्वो फिल्मवर निघाला आणि आत्या जन्मली १९४८ साली, तेव्हा पाळण्यातले बाळ दुसरेच कोणीतरी आहे हे आम्हाला त्या काठाने सांगितले.

दिवसाला चाळीस-पन्नास चौकटींहून अधिक करू नयेत. डोळे थकले की पट्टी उलटी बसते आणि क्रमांक चुकतो.

कोण, कुठे, कधी

स्कॅन सुरू करण्याआधी प्रत्येक लिफाफ्याला आणि अल्बमला शिसपेन्सिलीने क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक फाइलच्या नावात आणावा: सातव्या लिफाफ्यातली पाचवी चौकट ‘लि-०७-०५’. निगेटिव्ह आल्या त्याच लिफाफ्यात, त्याच क्रमाने परत जाव्यात. एका दुकानात मी सुरुवातीला काही पट्ट्या स्कॅन करायला दिल्या होत्या, त्या सगळ्या एकाच पिशवीत मिसळून परत आल्या, आणि कोणती पट्टी कोणत्या रोलची हे लावण्यात दोन रविवार गेले. रोलचा क्रम हीच पुष्कळदा तारीख असते, कारण मुंजीच्या पुढच्या चौकटीत गणपती असेल तर वर्ष हातात येते.

नावात आधी वर्ष, मग महिना, गाव, प्रसंग आणि शेवटी हा क्रमांक असा क्रम ठेवावा, म्हणजे संगणक आपोआप कालक्रम लावतो. महिना ठाऊक नसेल तिथे ‘००’ लिहावे. फाइलचे नाव इंग्रजी अक्षरांत असलेले सोयीचे, कारण काही जुन्या प्रणाली देवनागरी नावांवर अडखळतात. माणसांची नावे, नाते आणि हकीकत मात्र मराठीतच लिहावी, आणि ती फाइलच्या आतल्या वर्णनाच्या रकान्यात लिहावी. डिजिकॅम या मोफत प्रणालीत हे करता येते आणि वर्णन फाइलबरोबरच प्रवास करते. वेगळ्या वहीत ठेवलेली यादी पुढच्या पिढीपर्यंत पोहोचेलच असे नाही.

फोटोच्या पाठीवर ‘शके १८८२, वैशाख शु. ३’ असे काही लिहिलेले आढळले तर शकात ७८ मिळवावेत, म्हणजे १९६० सालचा एप्रिल-मे. शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते, त्यामुळे माघ-फाल्गुनातल्या तारखेला ७९ मिळवावे लागतात आणि पौषातली तारीख जानेवारीत गेली असेल तर तिलाही. पाठीवर मोडी अक्षरे असतील आणि घरात ती कोणाला वाचता येत नसतील तरी स्कॅन अवश्य घ्यावा. मोडी वाचणारे लोक अजून आहेत, आणि स्पष्ट स्कॅन त्यांच्याकडे पाठवता येतो.

आणि आता ती मघाशी राखून ठेवलेली गोष्ट. स्कॅन झालेले फोटो घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीला मोठ्या पडद्यावर दाखवावेत आणि शेजारी मोबाइलवर आवाज मुद्रित करत ठेवावा. ‘हे कोण?’ असा थेट प्रश्न विचारला की पुष्कळदा ‘आठवत नाही’ असे उत्तर येते. त्याऐवजी चेहऱ्यावरून चित्र सरकवून मागची खिडकी, भांडी, अंगणातले झाड मोठे करून दाखवावे. मुंजीच्या त्या निगेटिव्हमधली पणजी आत्याने आधी ओळखली नव्हती. मी खांबाजवळची पितळी घागर मोठी केली, तेव्हा ती म्हणाली, “अरे, ही काकूची घागर! सोवळ्याचं पाणी तीच भरायची, म्हणून ती तिथे उभी आहे. पुढे यायची नाही ती कार्यात.” आमच्याकडे पणजीला सगळे काकूच म्हणत. ही वाक्ये मी त्या फाइलच्या वर्णनात जशीच्या तशी लिहून ठेवली आहेत, दिवस आणि आत्याचे नाव यांच्यासह. कोणी काय सांगितले आणि केव्हा, हे लिहावेच, कारण आठवणींत मतभेद होतात आणि दोन्ही नोंदी राहिलेल्या बऱ्या.

फाइल आणि मूळ वस्तू

मूळ टिफ फाइलला पुन्हा हात लावू नये. तिची नक्कल करून डाग काढावेत, रंग सुधारावेत आणि नातेवाइकांसाठी जेपेग करावी. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवले की चित्र आक्रसते आणि आतले वर्णनही गळते. तेच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर फाइल आहे तशी पोहोचते. परदेशी असलेल्या भावंडांना पाठवताना हे मुद्दाम सांगावे, नाहीतर दहा वर्षांनी तीच आक्रसलेली प्रत घराची एकमेव प्रत म्हणून उरते.

एकूण तीन प्रती असाव्यात: एक संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर. १२० ची एक कृष्णधवल चौकट १६ बिटमध्ये सुमारे ५६ एमबीची होते, म्हणजे हजार चौकटींना ५६ जीबी. एक टीबीच्या डिस्कवर बहुतेक कुटुंबांचे सगळे मावते.

स्कॅन झाले म्हणून निगेटिव्ह टाकून देऊ नयेत, आणि फोटोंना लॅमिनेशन तर मुळीच करू नये. पट्ट्या पॉलिप्रॉपिलिनच्या किंवा आम्लविरहित कागदाच्या पाकिटांत ठेवाव्यात, पीव्हीसीच्या मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकमध्ये नव्हे. माळा आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेले कपाट या दोन्ही जागा टाळाव्यात, कारण एकीकडे ऊन तापते आणि दुसरीकडे ओल येते. आतल्या खोलीतल्या कपाटाचा मधला कप्पा बरा. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत. मी दरवर्षी पावसाळा संपला की डबे उघडतो, वास घेतो, पुड्या बदलतो, आणि त्याच दिवशी हार्ड डिस्क जोडून त्यातल्या दहा-वीस फाइली उघडून पाहतो.